कोपऱ्याच्या खोलीची जाळी

आधीच सांगून टाकते – भूत, झपाटणं, चकवा यातलं मला काहीही पटत नाही. चौतीस वर्षं हायस्कुलात सायन्स शिकवलं. कुणी पालक ‘पोरीला बाहेरचं झालंय’ म्हणत आले, की मी त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायची. निम्म्या पोरींना चष्मा लागायचा आणि बाहेरचं पळून जायचं. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी चुका काढायलाच वाचते, आणि बऱ्याच सापडतात, राग मानू नका.

तरी आज लिहिते आहे. माझी थोरली बहीण, विमलताई, गेल्या कार्तिकात गेली. ती होती तोवर हे लिहिणं मला शक्य नव्हतं. का ते शेवटी कळेल.

एकसष्ट-बासष्टचा हिवाळा. महाराष्ट्र राज्य होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. आमचं माहेर राळेगाव तालुक्यातलं, शेतीवालं. ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये इंजिनियर होते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. पौषात सीझन जोरात, भाऊजी सकाळी सातला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. ताईची आधीची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. हे तिसरं. आई त्याच वर्षी वारलेली, त्यामुळे बाळंतपण करायला माहेरून कोण जाणार, तर मी. मी बावीसची, नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या मुलीकडे जितकं शहाणपण असतं तितकं सगळं माझ्याकडे होतं.

बंगला केळापूरच्या रस्त्याला, जिनिंगपासून दोन फर्लांगावर. लोक त्याला ‘गरम बंगला’ म्हणायचे. कधीकाळी कुणा गोऱ्या इंजिनियरनं तो स्वतःसाठी बांधला होता, आणि त्याच्या थंड मुलखात असते तशी सोय करून घेतली होती. मागच्या अंगाला जमिनीखाली एक भट्टी. भट्टीत लोखंडी पिंप, त्यात लाकडं जाळायची. पिंपाभोवतीची हवा तापली की ती फरशीखालच्या विटांच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत जायची. प्रत्येक खोलीच्या फरशीत एक लोखंडी जाळी, जाळीखाली झडप, आणि झडप उघडायला-लावायला पितळी दांडी. जिथं वैशाखात माणूस भाजून निघतो तिथं घर तापवायची सोय! भाऊजी हसायचे. पण पौषातल्या पहाटे त्या उघड्या माळावर हात पांघरुणाबाहेर काढवत नसे, तेव्हा तेही गुपचूप जाळीपाशी खुर्ची ओढून बसायचे.

भट्टी बघायला हरजी म्हणून एक म्हातारा होता, जवळच्या तांड्यावरचा बंजारा. त्याच्या आधी त्याचा बापही हेच काम करायचा. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, हरजी ताईलाही याडीच म्हणायचा. ताईला ते फार आवडायचं.

मुलगा झाला. लहानखुरा, पण रडणं खणखणीत. ताई त्याच्या तोंडाकडे बघत बसायची आणि मध्येच विचारायची, “कुसुम, हा राह्यते ना वं?” मी म्हणायची, “राह्यते नाई तं काय! म्या आली हाये ना.” बोलायला काय जातं...

बाळ-बाळंतिणीला तेल लावायला शेवंताबाई यायची. तिला बाजेखाली शेगडी हवी होती. आपल्याकडे बाळंतिणीला शेक द्यायचा, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, आणि वारा लागू नये म्हणून खोलीची फट न् फट बुजवायची, ही रीतच. शेगडीला मी नाही म्हटलं. धुरानं बाळाचे डोळे जातील म्हटलं. घरात गरम हवा आहे की! फक्त ती सहा खोल्यांत वाटली जाते म्हणून कुठंच धड ऊब येत नाही. वापरतो एक खोली, आणि तापवतो सहा! मी वहीत नकाशा काढला, बाण काढले, आणि ठरवलं – बाळंतिणीची खोली सोडून बाकी पाचही जाळ्या बंद करायच्या. म्हणजे सगळी ऊब एकाच ठिकाणी. आजही हे वाक्य कागदावर बरोबरच दिसतं.

हरजीला सांगितलं, तर तो पागोटं काढून डोकं खाजवत उभा राहिला.

“बाई, चार बंद करा. थे कोपऱ्यावाल्या खोलीची नोका करू.”

कोपऱ्याची खोली म्हणजे घराच्या पार टोकाची. रिकामी. एक खुर्चीसुद्धा नव्हती तिथं.

“काहून? कोन राह्यते तठी?”

“कोनी नाई राहत. पन थे खुली ठिवाची असते. माह्या बापानं मले सांगतलं, त्याले गोऱ्या सायबानं सांगतलं.”

“पन काहून सांगतलं?”

“थे मले कायले मालूम राहीन, बाई? म्या इचारलं नाई.”

न विचारता तीस-चाळीस वर्षं पाळलेली गोष्ट! मला हसू आलं. त्याच्यासमोरच जाऊन मी त्या खोलीतली दांडी खाली ढकलली. हरजी उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झडप उघडी.

हरजीच, दुसरं कोण! मी झडप लावली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. तिसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं, आणि आत झडप उघडी. तेव्हा मात्र मला जरा... पण म्हटलं, दांडी झिजली असेल, सैल होऊन आपोआप वर येत असेल. स्प्रिंग, घर्षण, काय वाट्टेल ते. भाऊजींच्या पेटीतली तार आणून मी दांडी जाळीला सात-आठ वेढे देऊन आवळून बांधली.

चौथ्या दिवशी ऐन दुपारी, स्वच्छ उन्हात, मी कुलूप काढून आत गेले. झडप उघडी होती. तार खिडकीत ठेवलेली. तुटलेली नाही, वेडीवाकडी नाही... अगदी सरळ केलेली. तारेला एकदा वेढे पडले की ती पुन्हा इतकी सरळ होत नाही. मी स्वतः नंतर कितीदा तरी करून बघितलं आहे.

मी घाईनं दांडी खाली ढकलली. हात दांडीवरून निसटला, आणि जाळीच्या शेजारी फरशीवर माझा तळवा पडला. फरशी कोमट होती. सगळी नाही. बसायच्या पाटाएवढीच जागा. तिच्या भोवती हात फिरवला तर बर्फासारखी गार, आणि तेवढ्याच जागेवर कोमट. कुणी बराच वेळ मांडी घालून शेकत बसलं असेल आणि माझ्या कुलपाचा आवाज ऐकून आत्ता उठलं असेल, तर जागा तशी लागेल.

मी बाहेर आले ती पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी. कुलूप लावलं. खोटं कशाला बोलू, मी भ्यायले होते. खिडकीला गज, दाराला कुलूप, आत कुणी नाही... आणि तरी ‘कुणी नाही’ असं मनाला म्हणवत नव्हतं.

ताईला सांगणं शक्यच नव्हतं. ओली बाळंतीण, दोन लेकरं गेलेली. भाऊजींना सांगितलं असतं तर त्यांनी माझी बी.एस्सी. काढली असती. हरजीला सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, “खुली राहू द्या ना बाई. आपलं काय जाते?”

आणि इथं मला भीतीचा राग आला. तुम्हाला येतो का माहीत नाही, मला येतो. एका रिकाम्या खोलीसाठी आमचं बाळ थंडीत कुडकुडणार? त्या रात्री तर आभाळ भरून आलं, आणि सकाळी वारा असा सुटला की अंगणातल्या बादलीतल्या पाण्याला हात लावता येईना. बाळाचे तळपाय गार पडले होते. ताई रडायला लागली, “पहिल्याचेबी असेच गार पडले होते वं...”

मी स्वयंपाकघरातला पाटा उचलला. वाटण वाटायचा, दगडी. दोन्ही हातांनी छातीशी धरून कोपऱ्याच्या खोलीत नेला. झडप पुन्हा उघडीच होती, ती लावली आणि पाटा जाळीवर आडवा टाकला. माझ्यानं तो जेमतेम उचलला जात होता. “आता उचल,” असं मी त्या रिकाम्या खोलीला मोठ्यानं म्हटलं. कुलूप लावलं. किल्ली पदराला.

हरजीला म्हटलं, भट्टी भरपूर पेटव.

“थे बंद केली काय?”

“केली.”

“तं मंग म्या नाई पेटवत, बाई.” एवढं बोलून तो लाकडं फोडायला जांभळीखाली जाऊन बसला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकायचं नाकारलं असेल.

मग भट्टी मी पेटवली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, वर सागाचे ढलपे, पिंपाच्या तोंडापर्यंत.

नऊच्या सुमाराला शेवंताबाईनं तेल-पाणी आटोपलं. ताईच्या डोक्याला फडकं बांधलं, बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्या कुशीत दिलं, खिडक्यांच्या फटींत जुनी लुगडी कोंबली आणि जाताना म्हणाली, “आतून कडी घाल वो बाई, वाऱ्यानं दार उघडून राह्यलं.” ताईनं उठून कडी घातली. तो आवाज मी ऐकला. हे नीट लक्षात ठेवा – कडी आतून होती.

मी व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलायला बसले. शेवंताबाई फाटकातून गेली. जांभळीखाली हरजीची कुऱ्हाड चालली होती. माझ्या मनात समाधान होतं. एकदाची खोली तापली, आता दोघं छान झोपतील.

अर्धी टोपली सोलून झाली असेल. घराच्या टोकाकडून आवाज आला. दगडावर दगड ओढल्याचा... खर्रर्र... थांबला. पुन्हा खर्रर्र.

मी हातातली शेंग टाकून उठले. हरजीची कुऱ्हाडही थांबली होती, म्हणजे ऐकणारी मी एकटी नव्हते.

किल्ली पदराला तशीच. मी कुलूप उघडलं तोवर हरजीही मागे येऊन उभा राहिला. दार ढकललं. पाटा भिंतीला टेकून उभा केलेला. झडप उघडी. आणि जाळीच्या शेजारी, त्या बसायच्या पाटाएवढ्या जागेवर, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

आमचं बाळ. एकटं.

रडत नव्हतं. तोंड निळसर, ओठ किंचित हलत होते. हरजीनं झेप घेऊन त्याला उचललं आणि अंगणात वाऱ्यात धरलं. मी किंचाळत होते, “थंडी लागंन त्याले, थंडी लागंन!” आणि तो म्हणत होता, “हवा लागू द्या! याडी कोठी हाये? याडी!”

तेव्हा मला ताई आठवली. दाराला आतून कडी. हाका मारल्या, धक्के दिले, उत्तर नाही. हरजीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि पहार आणून कडी उखडली. खोलीत धूर नव्हता, वास नव्हता, उलट सुरेख ऊब होती. ताई बाजेवर शांत पडलेली, गाल गुलाबी लाल. मला वाटलं, किती छान झोपली आहे. हरजीनं तिला ओढतच बाहेर आणलं. दारापाशी येईतो त्याला स्वतःलाच भोवळ आली. बाळ अंगणात एकदम खणखणीत रडलं, पण ताई... ताईनं डोळे उघडायला दुपार झाली.

भाऊजी डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जाळाचा विषारी वायू. दिसत नाही, वास येत नाही. बाळंतीण आणखी पंधरा-वीस मिनिटं राहिली असती तर गेली असती. एवढं बाळ त्या खोलीत तितका वेळही टिकलं नसतं, ते बाहेर होतं म्हणून वाचलं. “बाळाला बाहेर आणायचं वेळेवर सुचलं तुम्हाला,” असं ते मला म्हणाले.

संध्याकाळी ताईनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“कुसुम, तू आली नसती तं म्या काय केलं असतं वं...”

मला कळेना. मी म्हटलं, “कवा?”

“तवाच. माह्यं डोकं फिरून राह्यलं होतं, उठता येत नोतं. तू बाजेपाशी उभी राह्यली आन् हात पुढे केले. बोलली नाई काही. म्या तुह्या हाती देल्लं त्याले. तुहे हात किती गार होते वं! म्या म्हटलं, आंधी शेकून घे, मंग घे त्याले. पन तुनं ऐकलंच नाई.”

ती माझ्याकडे असं बघत होती की... दोन लेकरं गमावलेली बाई, तिसरं कुशीत, आणि ते आपल्या बहिणीमुळे वाचलं असं समजणारी. मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कडी आतून होती. मी बाहेर शेंगा सोलत होते.

मी म्हटलं, “हो, ताई.”

बस. एवढंच खोटं. पण साठ वर्षं पुरलं ते. दुसऱ्या दिवशी हरजीनं सहाच्या सहा झडपा उघडल्या आणि त्या हिवाळ्यात भट्टी पेटली नाही. आठवड्याभरात भाऊजींनी जिनिंगच्या आवारातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड घेतलं. हरजीही कधी कुणाजवळ बोलला नाही. निघताना मी त्याला विचारलं, “हरजी, थे काय होतं?” तो म्हणाला, “म्या इचारत नाई, बाई. तुमीबी इचारू नोका.”

आता चुका काढणाऱ्यांसाठी. पिंपाला मागून चीर होती, ती नंतर भाऊजींनी शोधली. कोपऱ्याच्या खोलीत छताजवळ एक भोक होतं, बहुधा साहेबानं ती जाळी जास्तीची हवा निघून जावी म्हणूनच ठेवली होती. पाच झडपा बंद केल्यावर चिरेतून येणारा सगळा वायू एकाच खोलीत गेला. इथवर सगळं पुस्तकात बसतं. कार्बन मोनॉक्साइडचा धडा मी चौतीस वर्षं शिकवला, आणि दरवेळी फळ्याकडे तोंड करून शिकवला, कारण पोरींकडे बघत तो मला शिकवता येत नसे. ताईला भास झाला असेल, हेही मान्य. विषारी वायूनं होतात भास. पण भासानं पाटा हलत नाही. आतून कडी असलेल्या खोलीतून बाळ निघून, बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत जात नाही.

आणि मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. सगळे म्हणतील, जे कुणी होतं त्यानं बाळाला वाचवलं. तसं असेल तर माझं डोकं त्याच्या पायांवर. पण मग ताईला का तिथंच ठेवलं? बाळाला अंगणात न नेता आपल्या बसायच्या जागेवर का नेऊन ठेवलं? आम्ही दार उघडलं नसतं तर ते आम्हाला परत मिळालं असतं का? त्याला आपली जाळी उघडी हवी होती, की बाळ? ऐंशी पार केली, अजून हिवाळ्यात हा विचार आला की मी उठून दिवा लावते.

ताईनं मला आयुष्यभर डोक्यावर घेतलं. अरुण, म्हणजे तोच मुलगा, प्रत्येक परीक्षेच्या पेढ्यांचा पहिला पेढा मला द्यायचा. त्याच्या लग्नात ताईनं भरल्या मांडवात सांगितलं, आधी मावशीच्या पाया पड, तिनं तुला दुसऱ्यांदा जन्म दिला. तो वाकला आणि मी आशीर्वाद दिला. जाण्याच्या दोन दिवस आधीसुद्धा ती दवाखान्यातल्या नर्सला तेच सांगत होती, “हिनं वाचवलं माह्या लेकराले.” मी बाजूच्या स्टुलावर बसून होते. तेव्हाही ‘हो’ म्हणून मान हलवली.

काय होतं ते मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. पण अरुण हा ग्रुप वाचतो, एवढं माहीत आहे.

अरुण, बाळा, तुला घेऊन बाहेर आली ती मी नव्हते. भट्टी मात्र मीच पेटवली होती.